समजून घ्या : मतदान गावात, मतदार वीटभट्टीवर

अमेरिकेच्या २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत देशात बाहेरून कोण येतो यावरून रान पेटले. जव्हार-मोखाड्यात प्रश्न उलटा : गाव सोडून कोण जातो? भातकापणी, दिवाळी आटोपली की कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी, वसईच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. विधानसभेचे मतदानही नेमके तेव्हाच, २० नोव्हेंबरला झाले.

रोजगार हमीने ती थांबत का नाहीत? कायद्याने मजुरी १५ दिवसांत मिळायला हवी, ती रखडते. भट्टीमालक उचल आधीच हातावर ठेवतो.

सैनिकाला टपाली मतदान आहे, या मजुराला नाही. निवडणूक आयोगाचा दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव २०२३ मध्ये विरोधी पक्षांच्या आक्षेपांनंतर मागे पडला. मतदानाची भरपगारी सुटी कायद्यात आहेच. पण भट्टीवर पगार कुठे? तिथे दर हजार विटांमागे असतो.