फाटकापासून उंबरठ्यापर्यंत

घर बांधताना आपण भिंतींचा विचार करतो, स्लॅबचा करतो, पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो कुठे लावायचा हेही आधी ठरवून ठेवतो. पण फाटकापासून उंबरठ्यापर्यंत जमिनीचा जो तुकडा उरतो, त्याचा विचार कुणी करीत नाही. काम संपत आले की उरलेली गिट्टी, उरलेले सिमेंट तिथे ओतायचे आणि अंगण "पक्के" करून टाकायचे, अशीच बहुतेक घरांची रीत आहे. आम्हीही तेच केले आणि त्याची किंमत मोजली. आपल्या वाचक भगिनी-बंधूंना ती मोजावी लागू नये, म्हणून हा लेखप्रपंच.

नागपूरच्या एका कडेच्या वस्तीत आम्ही २०२२ साली घर बांधले. मुलाने कर्ज काढून ऑटो घेतला होता. ऑटो रात्री आत उभा राहावा आणि पावसात चिखल होऊ नये, म्हणून पुढचे चारशे चौरस फुटांचे सगळे अंगण आम्ही काँक्रिटने भरून घेतले. फाटकाजवळ वडिलांनी लावलेला कडुनिंब होता. त्याच्या बुंध्यापर्यंत सिमेंट नेले. दिसायला काम झकास झाले. पहिल्या उन्हाळ्यात मात्र कळले की दिवसभर तापलेले हे अंगण रात्री उशिरापर्यंत घरात धग सोडते.

खरा धडा पुढच्या पावसाळ्यात मिळाला. कोपऱ्यात पाणी साचून शेवाळ धरले. जुलैत आमची म्हातारी आई त्यावरून घसरली आणि तिचे मनगट मोडले. त्यानंतर २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट आली. काही तासांतच शहरात शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि अनेक वस्त्यांत पाणी शिरले. आमच्याही पुढच्या खोलीत घोटाभर पाणी होते. नातवंडांची पुस्तके आम्ही पलंगावर रचून ठेवली आणि सकाळ होईपर्यंत बादल्यांनी पाणी उपसले.

पाणी जाणार कुठे?

हिशेब साधा आहे. ५० मिलिमीटर पाऊस पडला तर चारशे चौरस फुटांच्या अंगणात सुमारे १,८५० लिटर पाणी जमा होते. म्हणजे दोनशे लिटरचे नऊ ड्रम. छताचे पाणी त्यात धरलेले नाही. जमीन उघडी असती तर काही पाणी मुरले असते. सिमेंटवर ते सगळेच वाहते आणि उतार जिकडे असेल तिकडे जाते. आमचा उतार घराकडे होता. पाणसळ लावून पाहायचे कुणाला सुचलेच नाही.

वाचक विचारतील, मग उतार रस्त्याकडे का केला नाही? अडचण अशी की आमच्या गल्लीतला नवा सिमेंटचा रस्ता अंगणापेक्षा उंच झाला आहे. पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरचेच आत येते. अशा घरांना एकच उपाय उरतो. पाणी आपल्याच अंगणात, पण घरापासून दूर मुरवायचे.

तीन चाकांची गोष्ट

आम्ही अंगण फोडायचे ठरवले. बंगल्यांत मोटारीसाठी चाकापुरत्या दोन पट्ट्या असतात आणि मधे गवत असते, तसेच करा, असे गवंड्याला सांगितले. तो हसून म्हणाला, "काकाजी, मोटारीचं ठीक आहे, पण ऑटोचं पुढचं चाक मधात येते ना!"

मग तीन पट्ट्या केल्या. प्रत्येक पट्टी सव्वा फूट रुंद, मधे आठ-आठ इंचांची फट. एकूण रुंदी जेमतेम पाच फूट भरली. फटींत गिट्टी टाकली, कडेला हरळी वाढू दिली. आमच्याकडची माती काळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पट्ट्यांखालची माती काढून मुरूम भरला आणि धुम्मसाने ठोकून घेतला. त्यावर चार इंच काँक्रिट. ते ओले असतानाच कुंच्याने आडव्या रेघा मारल्या, म्हणजे पाय घसरत नाही. नंतर सात दिवस पाणी मारले.

आईसाठी भिंतीच्या कडेने अडीच फुटांची वेगळी, खरबरीत पायवाट केली आणि हाताला धरायला लोखंडी पाईप बसवला. सगळ्याचा उतार घरापासून दूर, दर चार फुटांना एक इंच ठेवला. जिथे पाणी जमते तिथे, भिंतीपासून दहा फुटांवर शोषखड्डा खोदला. तो तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि चार फूट खोल आहे. तळाला मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, मग गिट्टी आणि वर जाड रेती. संडासाची टाकी किंवा विहीर जवळ असेल तर असा खड्डा तिथे करू नये. दर उन्हाळ्यात वरची रेती काढून धुवावी लागते, नाहीतर गाळाने खड्डा बुजतो.

झाडे कोणती लावावी?

कडुनिंबाभोवतीचे सिमेंट आम्ही आधी काढले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रिट काढण्याचा आदेश दिला होता. तेच माप आम्ही घेतले. मुळांनाही हवा-पाणी लागते.

गाडीच्या वाटेशेजारी शेवगा नको. त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वाऱ्याने फांदी टपावर पडते. लिंबू आणि बोगनवेल काटेरी असतात, त्या वाटेपासून दूर ठेवाव्या. लहान मुले किंवा शेळ्या असतील तर कण्हेर लावूच नये. तिचा प्रत्येक भाग विषारी असतो. जास्वंद, तगर, मोगरा, कढीपत्ता, गवती चहा ही झाडे सोसणारी आणि उपयोगाची आहेत.

शेवटी पिंपळाचे. भिंतीच्या फटीत पिंपळाचे एक रोप उगवले होते. बोधिवृक्षाचे रोप उपटू द्यायला आई तयार नव्हती. आमचाही हात धजावत नव्हता. पण पिंपळाची मुळे भिंती आणि पाया फोडतात, ही गोष्टही खरी. मग पावसाची झड असताना फट थोडी फोडून आम्ही ते मुळांसकट अलगद काढले आणि विहाराच्या मोकळ्या आवारात, इमारतीपासून दूर लावले. तिथे त्याला हवे तेवढे वाढता येईल.

सगळे अंगण काँक्रिटने भरायला जेवढे सिमेंट लागले होते, त्याच्या निम्मेही या वेळी लागले नाही. २०२४ च्या पावसाळ्यात अंगणात पाणी साचले, पण उंबरठा ओलांडून आत आले नाही. आई आता पाईप धरून एकटी फाटकापर्यंत जाते. दर पौर्णिमेला मुलाच्या ऑटोत बसून विहारात जाते आणि वंदना झाली की आधी तिचे रोप किती वाढले ते पाहून येते.