पहारेकरीच थिजला तर?

बिदर, भालकी, उदगीर, कलबुर्गी या पट्ट्यातल्या घरांना हैदराबादचे गौलीगुडा परके नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे शिक्षण असो, कोर्टकचेरी असो की मोठा दवाखाना, वाट हैदराबादचीच असे. गौलीगुड्याचे बसस्थानक पुढे जवळच इम्लीबनला हलले. जुन्या स्थानकाची ती भलीमोठी शेडही २०१८ साली कोसळली. पण रिपोर्टांची पिशवी हातात घेऊन बसमधून उतरणारी आपली माणसे आजही तिथूनच रेड हिल्सच्या एम.एन.जे. कॅन्सर हॉस्पिटलची वाट धरतात.

त्या पिशवीबरोबर घरून एक प्रश्नही येतो. "आमच्या घराण्यात हे कुणालाच नव्हते, मग यांनाच कसे झाले?" डॉक्टर सांगतात, पेशीतल्या जनुकात बिघाड झाला. हे उत्तर खरेच आहे. पण जनुक बिघडले म्हणजे पेशीच्या आत नेमके काय बिनसले? गेल्या दीड दशकात शास्त्रज्ञांना या प्रश्नाचा एक नवा धागा हाती लागला आहे. तो समजून घ्यायला गौलीगुड्याच्या नावातला गवळीच मदतीला येतो.

आमटीवरचे तूप

गरम आमटीवर चमचाभर तूप सोडा. तुपाचे गोल थेंब तरंगू लागतात. दोन थेंब जवळ आले की त्यांचा एक होतो. भोवती भिंत नाही, पिशवी नाही, तरी तूप तुपाजागी आणि पाणी पाण्याजागी! (आपल्या घरांत कुणी तूप म्हणते, कुणी तुप्प. शब्दही असे, की एका आईची लेकरे वाटावीत.)

पेशीतही असेच घडते. पेशीत हजारो प्रकारची प्रथिने दाटीवाटीने वावरत असतात. ठरावीक कामाची वेळ आली की त्यांतली काही एकत्र येऊन पडद्याशिवायच थेंब बनवतात. याला शास्त्रात 'फेज सेपरेशन' म्हणतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील मॅक्स प्लांक संस्थेत अँथनी हायमन आणि क्लिफर्ड ब्रँग्विन यांनी २००९ साली एका सूक्ष्म कृमीच्या गर्भपेशीत असे थेंब वाहताना, एकमेकांत मिसळताना आणि विरघळताना पाहिले. या कामाबद्दल दोघांना २०२३ चा ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला.

असे थेंब कशासाठी? आपला आठवडी बाजार आठवा. भाजीवाले एका बाजूला, कापडवाले दुसऱ्या बाजूला. मध्ये भिंत नसते, पण एकत्र बसल्याने व्यवहार भराभर उरकतात. संध्याकाळी बाजार उठतो आणि मैदान मोकळे होते. पेशीतले थेंबही असेच कामापुरते जमतात आणि काम संपले की पांगतात. हे पांगणे फार महत्त्वाचे आहे.

पी-५३ नावाचा पहारेकरी

आपल्या पेशीत पी-५३ नावाचे एक प्रथिन आहे. त्याचा शोध १९७९ साली लागला. पेशीच्या डीएनएला इजा झाली की हे प्रथिन विभाजन थांबवते, दुरुस्ती करायला लावते आणि दुरुस्ती जमण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावते. म्हणूनच त्याला 'जनुकसंचाचा रखवालदार' असे नाव मिळाले. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कर्करोगांत या रखवालदाराचेच जनुक बिघडलेले आढळते. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात तर ते फारच वारंवार सापडते.

या रखवालदाराचे पुढे काय होते, याचा शोध आपल्या मुंबईतही चालू आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. समीर माजी यांच्या गटाने २०१७ साली दाखवले, की कर्करोगाच्या गाठींच्या ऊतींमध्ये पी-५३ घट्ट तंतूंच्या रूपात साठलेले असते आणि अशा रूपात ते आपले काम करू शकत नाही. २०२४ साली याच गटाने त्यापुढची पायरी मांडली. पेशीच्या केंद्रकात पी-५३ चे थेंब पातळ असतात. ते डीएनएला धरतात आणि आपली कामगिरी बजावतात. पण हेच प्रथिन केंद्रकाबाहेर जमले, तर त्याचे थेंब झपाट्याने घट्ट होतात. कर्करोगात आढळणारे काही बिघाड असतील, तर केंद्रकातले थेंबही ताठर होतात आणि डीएनएवरची त्यांची पकड सुटते.

म्हणजे रखवालदार जागेवर असतो, पण थिजलेला! चोर डोळ्यांसमोरून गेला तरी त्याला हलता येत नाही.

इथे तूप आणि दही यांतला फरक ध्यानात घ्यावा. थिजलेले तूप चुलीजवळ ठेवले की पुन्हा पातळ होते. पण दुधाचे एकदा दही लागले, की त्याचे परत दूध होत नाही. शिवाय त्याच दह्याचा चमचा विरजण, म्हणजे कन्नडमधले हेप्पु, म्हणून दुसऱ्या दुधाला लागतो. पवईच्या गटाने २०२१ साली प्रयोगशाळेत निरोगी पेशींमध्ये पी-५३ चे असे तंतू सोडले, तेव्हा त्या पेशींमध्ये कर्करोगासारखे बदल दिसले. याचा अर्थ कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागतो, असा मुळीच नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवणाऱ्या घरांनी हे नीट ऐकावे. ही गोष्ट पेशीच्या आतली आहे, शेजाराची नव्हे.

औषध कुठे साठते?

एकाच औषधाने एकीची गाठ विरते आणि दुसरीची विरत नाही, हेही आपण पाहतो. त्याच्या कारणांपैकी एक या थेंबांत असू शकते. अमेरिकेतल्या व्हाइटहेड संस्थेत रिचर्ड यंग यांच्या गटाने २०२० साली दाखवले, की सिसप्लॅटिनसारखे औषध पेशीत सगळीकडे सारखे पसरत नाही. ते काही थेंबांत जास्त गोळा होते. स्तनाच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेनचेही तसेच. मात्र एमईडी-१ हे प्रथिन जादा झाले, की थेंब फुगतो, त्यातले औषध पातळ पडते आणि त्याचा जोर कमी होतो. मोठ्या पातेल्यात तेवढेच मीठ टाकावे, तसे.

सगळेच शास्त्रज्ञ याबाबत एकमताचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. काहींचा आक्षेप असा, की प्रयोगात प्रथिन नेहमीपेक्षा जास्त भरले जाते, म्हणून थेंब दिसतात. शरीरात दर वेळी तसेच घडते, हे सिद्ध व्हायला हवे. आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळेच प्रयोग अधिक काटेकोर होत आहेत.

घराने काय घ्यावे?

पहिली गोष्ट, वर तूप आणि दही आले ते केवळ दाखल्यापुरते. खाण्यातल्या तुपाशी किंवा ताकाशी या थेंबांचा काही संबंध नाही, तेव्हा कुणाच्या ताटातले दही काढून घेऊ नये. दुसरी, थिजलेल्या पी-५३ ला पुन्हा पातळ करणारे औषध आज दवाखान्यांत नित्याच्या उपचारात नाही. तसा दावा करून कुणी पुडी किंवा काढा विकत असेल, तर पैसे आणि त्याहून मोलाचा वेळ वाचवावा. तिसरी, रखवालदाराला इजा करणारी तंबाखू आपल्या हातात आहे. तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर जवळच्या डॉक्टरांना दाखवावे. हैदराबादची गाडी पकडायची वेळ कदाचित येणारही नाही.

आणि शेवटी तो प्रश्न, "यांनाच कसे झाले?" पेशीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एका थेंबाचे घट्ट होणे हे कुणाच्या पापाचे फळ नसते, नजर लागल्याचे नसते, की सुनेच्या पायगुणाचेही नसते. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्यांनी एवढे मनोमन मानले, तरी आजारपणातले अर्धे ओझे उतरते.