आधार काठीचा, पोहणे स्वतःचे
नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या अंध जलतरणपटू कांचनमाला पांडे यांनी 2017 साली मेक्सिकोतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत 200 मीटर मिडलेचे सुवर्णपदक जिंकले. त्यांच्या एस-11 गटात सर्वांनाच काळे गॉगल लावावे लागतात; भिंत जवळ आली की काठीच्या टोकाने स्पर्श करून इशारा दिला जातो. मदत एवढीच, अंतर मात्र स्वतःच कापायचे. आत्मसन्मान वाढतो तो इथे, कारण घड्याळ कुणावर दया दाखवत नाही. मुळात आत्मविश्वास असणारेच खेळाकडे वळतात, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. पण वळायला मैदान तरी हवे. छत्रपती संभाजीनगरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. नोकरदार अंध प्रौढांसाठी तिथे संध्याकाळची वेळ राखून ठेवावी, सोबत प्रशिक्षित मदतनीसही द्यावेत.