वाईन म्हणजे द्राक्षाचा रस नव्हे

नाशिकला पूर्वी माणसे जात ती पंचवटीत, काळारामाच्या दर्शनाला आणि पुढे त्र्यंबकेश्वरला. आता शनिवार-रविवार गाठून जाणाऱ्यांत आणखी एक वर्ग दिसतो. गंगापूर धरणाच्या बाजूला व दिंडोरीकडे द्राक्षांचे मळे आहेत, वाईनचे कारखाने आहेत, राहण्याची व्यवस्था आहे आणि निरनिराळ्या वाईनची चव पाहण्याचीही सोय आहे. मुले शिकायला बाहेर गेली की पन्नाशीतली जोडपीसुद्धा तिकडे दोन दिवस जाऊन येतात. माझा त्याला मुळीच विरोध नाही. दुकान आणि घर यापलीकडे वर्षानुवर्षे न गेलेल्या नवराबायकोने मळ्यातून सकाळी फिरावे, निवांत बोलावे, दुपारी झोप काढावी. रक्तदाबाच्या रुग्णांना मी एरवीही हेच सांगतो.

अडचण येते ती ग्लासापाशी. असेच एक गृहस्थ लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी निघण्यापूर्वी गोळ्या लिहून घ्यायला आले. मधुमेह जुना, ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन चालू. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही काही पिणारे नाही. पण वाईन म्हणजे द्राक्षाचाच रस, हृदयाला चांगली म्हणतात. एखादा ग्लास चालेल ना?" सोबत वहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "आधी यांच्या साखरेचं बोला."

मुद्द्याचा प्रश्न वहिनींचाच होता. पण आधी रसाचे पाहू. द्राक्षाच्या रसातील साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल करते. वाईनमध्ये ते साधारण १२ ते १४ टक्के असते. १५० मिलिलिटरच्या एका ग्लासात सुमारे १४ ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते, तर व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम. "पेग नको, वाईन घेतो" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. चव पाहायला म्हणून ३० मिलिलिटरचे पाच नमुने घेतले तरी पुरा एक ग्लास होतो. अशा ठिकाणी चव घेऊन थुंकण्यासाठी भांडे ठेवण्याची पद्धत आहे. जिन्याच्या कोपऱ्यात पान थुंकताना न लाजणारे आपले लोक तेथे मात्र संकोचतात!

हृदयाची गोष्ट १९९१ साली अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे फार पसरली. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकारापासून बचावतात ते तांबड्या वाईनमुळे, असा तिचा सूर होता. पुढे लक्षात आले की 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे पिणे सोडलेलेही मोजले जात होते, आणि बेताने पिणारे बहुधा सुखवस्तू होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोगकारक ठरवले. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा औषध म्हणून कोणी वाईन घेऊ नये.

आता साखर. आपण उपाशी असताना यकृत नवी साखर तयार करून रक्तात सोडते. अल्कोहोल आले की यकृत आधी त्याच्या मागे लागते आणि साखरेचे काम मागे पडते. त्यात ग्लिमेपिराईडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते, आणि तीही कधी कधी पहाटे. घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, माणूस असंबद्ध बरळतो. तोंडाला वाईनचा वास असतो, म्हणून बाकीचे समजतात, "चढली आहे, झोपू द्या." माणूस दगावतो तो इथेच. असे दिसताच ग्लुकोमीटरने साखर पाहावी. यंत्र नसेल तर वाट न पाहता, शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि नंतर काही खायला द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक रुग्णालय गाठावे.

त्या गृहस्थांना मी सांगितले की न घेतलेली उत्तम. घेतलीच तर अर्धा ग्लास, तोही भरपेट जेवणाबरोबर. झोपण्यापूर्वी साखर तपासा आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ग्लुकोमीटर मी वहिनींच्या पिशवीत टाकायला लावला.

झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी व गरोदर स्त्रियांनी वाईन पूर्ण टाळावी. जुलाबासाठी किंवा दातासाठी मेट्रोनिडॅझोल चालू असेल तर ते संपल्यावरही तीन दिवस नको. वाईन टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फाइटमुळे काही दमेकऱ्यांना धाप लागते.

राहिले गाडीचे. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. पन्नास-साठ किलो वजनाच्या बाईला एक ग्लासही तेथवर नेऊ शकतो. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅमच निपटते. कडक कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी त्याचा वेग वाढत नाही. म्हणून गाडी कोण चालवणार हे घरून निघतानाच ठरवा, आणि चालवणाऱ्याने त्या दिवशी द्राक्षे नुसती खावीत.