दर्शनी भाग कोणाचा?

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे एके काळचे प्रसिद्ध वॉटसन हॉटेल. १८६० नंतरच्या दशकात तिचे ओतीव लोखंडाचे भाग इंग्लंडमध्ये घडले, बोटीने मुंबईत आले आणि येथे जोडून इमारत उभी राहिली. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईकरांनी पहिल्यांदा पाहिली, ती येथेच.

पुढे हॉटेल बंद पडले. मोठ्या दालनांच्या खोल्या झाल्या. कोर्ट जवळ, म्हणून वकिलांची कार्यालये आली. लांबरुंद सज्जे मात्र तसेच राहिले.

१९९५ साली मुंबईत वारसा नियमावली लागू झाली. या इमारतीला ‘दोन-अ’ श्रेणी मिळाली. म्हणजे आत गरजेपुरते फेरबदल चालतील, पण बाहेरचे रूप बिघडवायचे नाही. त्यामागचा विचार सरळ आहे. खोली मालकाची किंवा भाडेकरूची असेल, पण दर्शनी भाग रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाचा असतो.

तरीही २००५ साली सज्जाचा काही भाग कोसळला आणि एकाचा जीव गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने २००६ साठी केलेल्या जगातील शंभर धोक्यातील वास्तूंच्या यादीत तिचे नाव होते. २०१९ साली इमारत रिकामी करावी लागली. ती पाडावी, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला, तर वारसाप्रेमींनी त्याला विरोध केला.

असे का झाले? जुन्या मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. तेवढ्यात डागडुजी कशी करायची, हा मालकाचा सवाल. दुसऱ्याच्या घरावर खर्च का करायचा, आणि दुरुस्तीसाठी जागा सोडली तर परत मिळेल का, ही भाडेकरूची धास्ती. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. ‘मोडू नका’ एवढे सांगून नियम थांबतो. पावसाचे पाणी मात्र थांबत नाही.

आपल्या गावातही एखादा जुना वाडा, एखादी नक्षीदार गॅलरी असेलच. तिचे नाव यादीत घालणे ही पहिली पायरी झाली. दर पावसाळ्याआधी तपासणी, दुरुस्तीच्या खर्चात सार्वजनिक वाटा आणि राहणाऱ्यांना परतीची लेखी हमी, हे त्यापुढचे काम. दर्शनी भाग सगळ्यांचा असेल, तर त्याचा खर्चही थोडाथोडा सगळ्यांनी उचलायला नको का?