बांधकाम मजुरांचा तळ : जागेची निवड आणि गावची शाळा

दिवाळी उलटली आणि ओढ्यानाल्यांचे पाणी ओसरले, की खेड्यापाड्यांतून रस्ते, पूल, बंधारे व कालवे यांची कामे सुरू होतात. ठेकेदाराचा मुकादम एखाद्या दुपारी गावात येतो, सरपंचांची गाठ घेतो, कामाच्या कडेची मोकळी जागा नजरेखालून घालतो, आणि दिवेलागणीपर्यंत मजुरांचा तळ कोठे पडावयाचा हे ठरून जाते. पुढील पाचसहा महिने, क्वचित दोन-दोन वर्षे, शंभर-सव्वाशे माणसांना त्या जागेवर संसार करावयाचा असतो. त्यांत मुलेही असतात. ज्या गावात एका घराचा पाया घालावयाचा तर दहा जणांचा सल्ला घेतला जातो, त्याच गावात शंभर माणसांच्या वस्तीचा प्रश्न एका दुपारीत निकालात निघतो, ही विचार करण्याजोगी गोष्ट होय.

हा विषय प्राथमिक शिक्षकाच्या कक्षेबाहेरचा आहे असे वरवर पाहता वाटेल. परंतु तळावरील मूल शाळेत येणार की नाही, हे पुष्कळ अंशी तळाची जागाच ठरविते. तळ शाळेपासून अर्ध्या मैलावर असेल आणि मध्ये वाहता रस्ता नसेल, तर सहासात वर्षांची मुले धाकट्यांचे बोट धरून आपण होऊन येतात. तोच तळ अडीच मैलांवरील खाणीच्या तोंडाशी पडला, तर शिक्षकाने कितीही फेऱ्या घातल्या तरी पटावर नावे चढतात आणि हजेरीचे रकाने रिकामे राहतात. तळ एकदा पडल्यावर तो हलविणे जवळजवळ अशक्य असते. पाले ठोकली गेली, चुली मांडल्या गेल्या, की कोणी ऐकत नाही. म्हणून बोलावयाचे ते पहिल्याच दिवशी बोलले पाहिजे. मुकादमाला गावची जमीन ठाऊक नसते. शिक्षकाला ती ठाऊक असते. कोणत्या पटांगणात श्रावणात गुडघाभर पाणी साचते आणि कोणत्या विहिरीचे पाणी फाल्गुनात आटते, हे त्याने पाहिलेले असते.

येणारी माणसे कोण, हेही जाणून घेणे अगत्याचे आहे. दगडमातीच्या कामावर वडार व बेलदार कुटुंबे पिढ्यान् पिढ्या फिरत आली आहेत. नंदुरबार, धार व झाबुआ या बाजूंचे भिल्ल, विजयपूर व कलबुर्गीकडील लमाण हेही मोठ्या संख्येने येतात. तेलंगणातील पालमूरचे, म्हणजे महबूबनगर भागाचे, मजूर तर देशातील कितीतरी धरणांवर राबलेले आहेत. यांपैकी बहुतेकांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल अंगावर असलेला मनुष्य राहण्याच्या जागेविषयी तक्रार करीत नाही. तळावर कोणी कुरकुर करीत नाही म्हणून जागा चांगली आहे, असा अर्थ काढणे चूक ठरेल.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या 1996 च्या कायद्याने मजुरांना कामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ मोफत तात्पुरता निवारा देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. स्वयंपाकाची स्वतंत्र सोय, न्हाणी, धुण्याची जागा व शौचालये ही त्यातच धरलेली होती. पिण्याच्या पाण्याची जागा शौचालयापासून वा धुण्याच्या जागेपासून 6 मीटरांच्या आत असू नये, असेही त्यात होते. पुढे हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक 2020 च्या संहितेत सामावला गेला आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आली. मोफत निवाऱ्याचे तत्त्व तिच्यातही कायम आहे. पाळणाघराची अट पूर्वी पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असल्यास लागू होत असे. संहितेत पन्नासांहून अधिक कामगार, स्त्री असोत वा पुरुष, असे धरले आहे. तथापि ‘शक्य तितक्या जवळ’ या शब्दांचा अर्थ मुकादम आपल्या सोयीने लावतो. मजूर यंत्रांच्या जितका जवळ, तितका तो पहाटे लवकर हाताशी येतो आणि रात्री सामानाची राखणही होते, असा त्याचा हिशेब असतो.

या हिशेबाची किंमत काय पडते, हे दोन घटनांवरून दिसते. 29 जून 2019 रोजी, मुसळधार पावसात, पुण्याच्या कोंढवा भागात एका निवासी संकुलाची संरक्षक भिंत लगतच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा जण दगावले. त्यांत लहान मुले होती. झोपड्या भिंतीच्या पायथ्याशी बांधलेल्या होत्या. भिंतीचा आडोसा मिळाला की एका बाजूचे पत्रे वाचतात, म्हणून अशी जागा नेहमी पसंत केली जाते. दुसरी घटना खेड्यातली आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात पुलाच्या कामावर मजूर पत्र्याच्या निवाऱ्यात झोपलेले असता रात्री आलेल्या टिपरने त्या निवाऱ्यावरच वाळू ओतली आणि पाच जण गाडले जाऊन मृत्यू पावले. दोन्ही ठिकाणी निवारा कच्चा होता हे खरे. परंतु तोच कच्चा निवारा शंभर पावले अलीकडे वा पलीकडे असता तर माणसे वाचली असती.

तेव्हा जागा पाहावयास जाताना प्रथम डोक्यावर आणि उशाशी काय आहे ते पाहावे. उंच भिंत, सुटलेली दरड, मातीचा ताजा भराव, दगडांची वा वाळूची रास, विजेच्या तारा यांच्या छायेत तळ नको. भिंत जितकी उंच असेल निदान तितके अंतर मोकळे सोडावे, आणि पावसाळ्यात त्याच्या दुपटीने सोडले तर उत्तम. ज्या वाटेने वाहने मागे येतात ती वाट तळाच्या अंगाने जाता कामा नये. रात्री वाळू-खडी जेथे उतरते ती जागा व निजण्याची जागा यांमध्ये नुसते अंतर पुरेसे नाही. दगडांचा बांध किंवा रोवलेले खांब असावेत, म्हणजे झोपेत गाडी चालविणाऱ्यालाही अडावे लागेल. सुरुंगाच्या खाणीपासून, खडी फोडण्याच्या यंत्रापासून व डांबराच्या भट्टीपासून तळ दूर, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावा. खडीची धूळ रात्रंदिवस नाकातोंडात गेल्यावर मुले वर्गात खोकत बसतात, आणि शिक्षकाला वाटते की हवामान बदलले.

मग जमीन. काळ्या जमिनीवर तळ टाकणे सर्वांत सोपे, कारण ती सपाट असते. आणि सर्वांत वाईटही, कारण पाणी पडताच ती फुगते, चिखल होतो, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडून विंचूकाट्याला घर मिळते. मुरमाड, किंचित उताराची जमीन केव्हाही बरी. तळाच्या वरच्या बाजूने हातभर खोलीचा चर काढून त्याचे तोंड ओढ्याकडे वळविले, तर पावसाचे पाणी निवाऱ्यात शिरत नाही. ओढ्याच्या पात्रालगतची वाळवंटी जागा माघात मोठी रम्य दिसते. मृगात तिचे काय होते ते गावकऱ्यांना विचारावे. रस्त्याच्या भरावासाठी मुरूम काढल्याने जे खड्डे पडतात ते तळाजवळ असल्यास विशेष जपावे. पहिल्या पावसाने ते भरतात, पाणी गढूळ असल्याने खोली कळत नाही, आणि पोहू न जाणणारी मुले त्यांत उतरतात. अशा खड्ड्याला कुंपण घालणे ही ठेकेदाराची जबाबदारी आहे, हे ग्रामपंचायतीने त्याला लेखी कळवावे.

पाण्याविषयी थोडे आकडे उपयोगी पडतील, आणि ते वरच्या वर्गातील मुलांकडून गणित म्हणून सोडवूनही घेता येतील. आपत्तीतील निवाऱ्यांसाठी जगभर मानल्या जाणाऱ्या स्फिअर मानकांप्रमाणे माणशी रोज निदान 15 लिटर पाणी लागते. तळावर 110 माणसे असल्यास 1650 लिटर झाले, म्हणजे 200 लिटरची आठ पिंपे भरूनही पुरेसे होत नाही. वीस माणसांमागे एक शौचालय धरल्यास सहा हवीत. निवाऱ्यात माणशी 3.5 चौरस मीटर जागा असावी असेही ते मानक सांगते. पत्र्याची नेहमीची खोली दहा फूट लांब व दहा फूट रुंद असते. तिचे क्षेत्रफळ 9.3 चौरस मीटर भरते. पाच जणांच्या कुटुंबाला साडेसतरा चौरस मीटर पाहिजेत. यावरून प्रत्यक्षात काय मिळते ते मुलांनाही कळेल.

गावच्या हातपंपावर एवढा भार पडल्यास उन्हाळ्यात तंटे होतात. गाव मजुरांना हाकलू पाहते, मजूर डबक्याचे पाणी पितात, आणि मग हगवण-उलटीची साथ दोघांनाही गाठते. यास्तव टँकरची जबाबदारी कोणाची, हे जागा देतानाच ठरवून घ्यावे. शौचालयाचा खड्डा विहीर वा हातपंप यांपासून निदान 15 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूस असावा. खाली भेगाळ खडक असेल तर अंतर बरेच वाढवावे, कारण भेगांतून घाण फार दूरवर जाते. शौचालये निजण्याच्या जागेपासून फार लांब, अंधारात असली, तर स्त्रिया व मुली ती वापरीत नाहीत. दिवा हवा आणि आतून लागणारी कडी हवी. काँक्रीटला मारण्यासाठी साठविलेल्या पाण्यात डास वाढतात. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागत असल्याने आठवड्यातून एक दिवस सर्व पिंपे व हौद कोरडे करण्याचा प्रघात तळावरही पाडावा.

चुलींबद्दल इतकेच, की गवताची वा ताडपत्रीची पाले एकमेकांस चिकटून नसावीत; दोहोंमध्ये निदान दोन मीटरांची मोकळी पट्टी असावी.

पुष्कळदा शाळेच्याच खोल्या किंवा ओसरी मागितली जाते, विशेषतः सुट्टीत. यास नकार द्यावा. शाळेत चुली पेटल्या की भिंती काळवंडतात हे कारण त्यामानाने किरकोळ आहे. एकदा आलेली वस्ती जूनमध्ये हलत नाही आणि वर्ग झाडाखाली भरवावे लागतात, हे खरे कारण होय. मात्र नकार देऊन थांबू नये, पर्यायी जागा दाखवावी. याउलट काही गावांत परके लोक, चोरटे असतील, या समजुतीने तळ मुद्दाम स्मशानापलीकडे वा गावाच्या नजरेआड ढकलला जातो. ही समजूत अन्यायाची आहे. शिवाय तिचा उलटा परिणाम होतो, कारण जी वस्ती गावाला दिसत नाही तिच्या अडचणीही गावाला दिसत नाहीत. गायरानाच्या गावाकडील टोकास तळ असावा. तेथून शाळेचे अंतर एक किलोमीटरच्या आत राहते, आणि पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एवढ्या अंतरात असावी असा महाराष्ट्राचा नियमही आहे.

तळ पडल्यावर पहिल्या आठवड्यातच शिक्षकाने तेथे जाऊन मुलांची यादी करावी. सायंकाळची, स्वयंपाकाची वेळ बरी. दिवसा तेथे म्हातारी माणसे व तान्ही मुलेच भेटतात. दाखला नाही, जन्माची नोंद नाही, सत्र अर्धे संपले, ही कारणे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यापुढे टिकत नाहीत. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळतो हे पाहणे हे त्या कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरविले आहे. मोठी मुलगी शाळेत येत नसेल तर तिच्या कडेवर कोण आहे ते पाहावे. धाकट्याची सोय अंगणवाडीत झाल्याखेरीज थोरली शाळेत येणार नाही. दिल्लीत 1969 साली गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले, त्यामागे हीच जाणीव होती. त्यातून वाढलेली फिरत्या पाळणाघरांची कल्पना पुढे मुंबई-पुण्यातील बांधकामांवरही रुजली. खेड्यात निराळा तंबू उभारण्याची गरज नाही. अंगणवाडी आहेच, ती तळापासून चालत जाता येईल इतकी जवळ हवी.

भाषेची अडचण मोठी मानू नये. कन्नड, तेलुगू किंवा भिली बोलणारे मूल महिन्या-दोन महिन्यांत खेळता खेळता मराठी समजू लागते; तोवर त्याला मागच्या बाकावर न बसविता बोलक्या मुलाशेजारी बसवावे.

काम संपले की तळ एका रात्रीत उठतो. त्यापूर्वी पंधरा दिवस मुकादमाकडून पुढील कामाचे गाव विचारून ठेवावे. तो ते सहसा सांगतो. मुलाचे शिक्षण हमी कार्ड भरून, त्यावर कोणत्या पाठापर्यंत मजल गेली आहे ते लिहून, आईच्या हाती द्यावे आणि पुढील गावच्या मुख्याध्यापकांस दूरध्वनीने कळवावे. शौचालयाचे खड्डे बुजविणे, पत्रे व तारा उचलणे आणि जमीन पूर्ववत करून देणे ही कामे ठेकेदाराकडून करवून घेतल्यावरच ग्रामपंचायतीने जागा ताब्यात घ्यावी. उघडे राहिलेले खड्डे पुढील पावसाळ्यात गावच्या मुलांच्या वाटेत येतात.