चाल उसनी, अभिमान आपला

विद्यापीठाचे गीत विद्यापीठाइतकेच जुने असते आणि शब्दांपासून चालीपर्यंत त्याचे स्वतःचे असते, हा समज अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांबाबत विशेष पक्का आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. हार्वर्ड स्थापन झाले १६३६ साली. ‘फेअर हार्वर्ड’ लिहिले गेले १८३६च्या द्विशताब्दी सोहळ्यासाठी. शब्द सॅम्युएल गिलमन या माजी विद्यार्थ्याचे, पण चाल टॉमस मूरच्या प्रेमगीतामुळे घरोघरी पोचलेल्या जुन्या सुरावटीची. कॉर्नेलचे गीत दोन विद्यार्थ्यांनी १८७०च्या सुमारास रचले ते ‘ॲनी लाईल’ या १८५७च्या गाण्याच्या चालीवर, आणि ते गाणे आहे एका मरणासन्न मुलीचे. येलच्या ‘ब्राइट कॉलेज इयर्स’ला १८८१मध्ये हेन्री ड्युरंडने शब्द दिले, चाल घेतली ‘डी वाख्ट आम ऱ्हाइन’ या जर्मन देशभक्तिगीताची. युरोपात पदवीदानाला गायले जाणारे ‘गाउदेआमुस’ सरसकट मध्ययुगीन मानले जाते. त्यातल्या काही कडव्यांचा धागा मागे जात असेलही, पण आज रूढ असलेली लॅटिन संहिता १७८१ साली किंडलेबेनने छापली.

यावर आक्षेप येतो की चालच उसनी असेल तर अभिमान कसला धरायचा? मराठी वाचकाला हा प्रश्न पडू नये. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे नाव सरळ छापलेले असे. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) यांची पदे ख्याल-ठुमरीच्या चिजांवर बेतली गेली, म्हणून ती कमी मराठी ठरली नाहीत. विद्यापीठात तर उसनवारीला व्यावहारिक कारणही होते. शेकडो जणांनी तालमीशिवाय एका सुरात गायचे, तर चाल आधीच कानात बसलेली हवी. गाणे त्या संस्थेचे होते ते पिढ्यान्‌पिढ्या गायल्यामुळे. सूर कुठून आला हा त्यापुढचा प्रश्न.

मैदानावरच्या घोषणांचेही तेच. त्या म्हणजे निरर्थक आरडाओरडा आणि तो करवून घेणे हे पहिल्यापासून मुलींचे काम, असे चित्रपटांनी मनावर ठसवले आहे. पण येलच्या जुन्या घोषणेत ॲरिस्टोफेनिसच्या ‘बेडूक’ या इसवी सनपूर्व ४०५च्या ग्रीक नाटकातले डराव-डराव होते. कॅन्ससची ‘रॉक चॉक’ घोषणा १८८६मध्ये विज्ञान मंडळासाठी ई. एच. एस. बेली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने रचली. (बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगीतही शांतिस्वरूप भटनागर या रसायनशास्त्रज्ञाचेच.) मुलींबाबत बोलायचे तर २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटात प्रेक्षकांसमोर उभा राहून संघटित घोषणा देणारा जॉनी कॅम्बेल हा विद्यार्थी होता. त्याच विद्यापीठात स्त्रिया या कामात आल्या त्या १९२०च्या दशकात, आणि दुसऱ्या महायुद्धात तरुण आघाडीवर गेल्यावर सर्वत्र त्यांचे प्रमाण वाढले. आज पुरातन वाटणारी प्रथा अशी दोन-तीन पिढ्यांत पालटलेली असते.

मग उसनवारी सर्वस्वी निष्पाप म्हणायची का? नाही, आणि दुसरा, अधिक गंभीर आक्षेप इथेच उभा राहतो. ओक्लाहोमाच्या ‘बूमर सूनर’ची चाल १९०५ साली येलच्या ‘बूला बूला’वरून उचलली गेली. पण ‘बूला बूला’ स्वतःच बॉब कोल आणि बिली जॉन्सन या कृष्णवर्णीय कलावंतांच्या रंगमंचीय गाण्यावरून बेतलेले होते. विद्यापीठांची नावे गाजली, त्या दोघांची मागे पडली. टेक्सासच्या ‘द आइज ऑफ टेक्सस’वर २०२०मध्ये खेळाडूंनी हरकत घेतली तेव्हा दोन्ही बाजूंचे समज तपासले गेले. गीतातले शब्द गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या जनरल लीच्या वाक्यावरून आले, या कथेला विद्यापीठाच्या समितीला समकालीन पुरावा मिळाला नाही. मात्र १९०३ साली ते पहिल्यांदा गायले गेले ते गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करण्याची रीत असलेल्या मिन्स्ट्रल कार्यक्रमात, हे २०२१च्या अहवालाने मान्य केले. विद्यापीठाने गीत कायम ठेवले, वाद मात्र मिटला नाही.

‘आता ते फक्त आमचे गाणे आहे, मूळ कशाला उकरता?’ हा बचाव म्हणूनच अपुरा आहे. गाण्याने नवा अर्थ धारण केला हे खरे. पण तो अर्थ गाणाऱ्यांनीच दिला असेल, तर जुना अर्थ ज्यांना बोचतो तेही त्याच गाणाऱ्यांत आहेत. उगम शुद्ध नाही म्हणून गीत टाकून द्यावे, असा याचा निष्कर्ष नाही. त्या कसोटीला फारच थोडी गीते उतरतील. मागणी एवढीच की पदाच्या डोक्यावर चालीचे नाव असावे. नाटकाच्या साध्या पुस्तकाला जे जमले, ते विद्यापीठाला जड जाऊ नये.